डाळ, मऊ पाणी आणि सांडपाण्याच्या पंपाजवळची मेजवानी

क्लाइडकाठ · शनिवार, दुपारी ३:१२

आई यंदाच्या उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे ग्लासगोला होती. नगर जिल्ह्यातल्या बोअरचं पाणी पिण्यात जन्म गेलेली बाई. आल्याच्या तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, तुमच्याकडे तूरडाळ दोन शिट्ट्यांत मेणासारखी होते. आपल्याकडे चार शिट्ट्या करून वर चिमूटभर सोडा घालावा लागतो." दुसऱ्या दमात तक्रारही केली, की अंगाचा साबण काही केल्या निघत नाही, दहा तांबे ओतले तरी बुळबुळीतच लागतं.

दोन्हीचं कारण एकच. इथल्या नळाला लॉख कॅट्रिन नावाच्या डोंगरातल्या तळ्याचं पाणी येतं आणि ते कमालीचं मऊ आहे, म्हणजे त्यात क्षार फारच कमी. हे पाणी शहरात कसं आलं ते शोधायला बसलो आणि भलतीकडेच पोचलो. पाणी आलं म्हणून या शहराने काय सोहळा केला, तिकडे. म्हणून हा धागा.

१८५३-५४ च्या पटकीत (कॉलऱ्यात) ग्लासगोत चार हजारांच्या आसपास माणसं गेली. शहर क्लाइड नदीचं पाणी उपसून पीत होतं आणि त्याच नदीत सगळी घाण सोडत होतं. मग महापालिकेने खाजगी पाणी कंपन्याच ताब्यात घ्यायच्या आणि लांबच्या तळ्यातून पाणी आणायचं असं ठरवलं. पहिलं विधेयक संसदेत आपटलं. नौदल खात्याची हरकत होती, की तळ्याचं पाणी वळवलं तर फोर्थ नदीचा प्रवाह कमी होईल. पेनी नावाचे रसायनाचे एक प्राध्यापक होते, ते म्हणाले की इतकं मऊ पाणी शिशाच्या नळांतून शिसं विरघळवून आणेल. १८५५ मध्ये अखेर कायदा झाला. अभियंता जॉन फ्रेडरिक बेटमन. तळ्याची पातळी चार फूट वाढवली आणि तिथून मिलगाईच्या साठवण तलावापर्यंत सव्वीस मैलांचा पाट काढला. त्यातला निम्मा डोंगर पोखरून, बोगद्यांतून. उतार किती, तर मैलाला दहा इंच! एकही पंप नाही. पाणी आपलं आपण चालत येतं, आजही.

१४ ऑक्टोबर १८५९ ला व्हिक्टोरिया राणी नवऱ्यासह उद्घाटनाला आली. रेल्वेने कॅलँडर गावापर्यंत, पुढे घोडागाडी, मग तळ्यातून आगबोट. आणि पाऊस असा, की काही विचारू नका. स्कॉटलंडातला ऑक्टोबर ज्याने काढलाय त्याला कळेल. छत्र्या, चिखल, भिजलेले झेंडे, त्यात पालिकेचे लोक भरजरी झग्यांत. राणीने कळ फिरवली, झडपा उघडल्या आणि पाणी बोगद्यात शिरलं.

मला सगळ्यांत आवडलेला किस्सा पुढेच आहे. राणीला मुक्कामाला म्हणून तळ्याकाठी मुद्दाम एक घर बांधलं होतं. तिच्या सन्मानार्थ एकवीस तोफा डागल्या आणि त्या दणक्याने त्या नव्याकोऱ्या घराच्याच काचा फुटल्या. राणी तिथे राहिलीच नाही. घर अजून उभं आहे.

पाण्याच्या कामाची आठवण म्हणून १८७२ मध्ये केल्विनग्रोव्ह बागेत मोठं कारंजं उभारलं. ही योजना ज्यांच्या काळात पुढे रेटली गेली त्या नगराध्यक्ष रॉबर्ट स्ट्युअर्ट यांच्या नावाने. वर 'तळ्याची राणी', म्हणजे याच तळ्यावरच्या स्कॉटच्या काव्यातली नायिका, खाली बारा राशी. आईने कारंज्याला प्रदक्षिणा घालत आपली कन्या रास शोधून काढली आणि तिथे फोटो काढायला लावला.

प्रश्न असा पडला, की पाइप, गटार, पूल, धक्का असल्या कामांसाठी अख्खं शहर सुट्टी काढून रस्त्यावर येतं, हे व्हिक्टोरियाच्या त्या काळी सगळीकडेच होतं का? लोकांना खरंच आनंद झालेला असायचा, की तो नुसता सरकारी थाट? ज्यांनी अशी ठिकाणं पाहिली असतील त्यांनी लिहा.

---

टेम्सकाठ · शनिवार, रात्री ९:४०

मस्त धागा. तुमच्याकडे निदान पिण्याचं पाणी होतं हो. लंडनने सांडपाण्याच्या पंपाचं उद्घाटन जेवणावळ घालून केलं होतं!

१८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सला अशी दुर्गंधी सुटली, की संसदेच्या खिडक्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेले पडदे लावावे लागले. नाकापर्यंत आल्यावर पैसे मंजूर झाले. जोसेफ बॅझलजेटने नदीच्या दोन्ही काठांनी मोठाली गटारं काढली. दक्षिणेकडचं सगळं मैलापाणी क्रॉसनेसला यायचं, तिथे वाफेच्या इंजिनांनी ते वर उचलून टाकीत साठवायचं आणि ओहोटीला नदीत सोडायचं. ४ एप्रिल १८६५ ला उद्घाटन. युवराज आले, दोन आर्चबिशप आले, खासदार, शहरातली बडी मंडळी. एकूण पाचशेच्या आसपास पाहुणे जेवले, तिथेच, आवारातल्या शेडमध्ये. जेवणाआधी पाहुण्यांना जमिनीखालच्या रिकाम्या टाकीत फिरवून आणलं. आत दिव्यांची आरास. आणि शेजारच्या विटांच्या भिंतीपलीकडे लंडनचं काय साठलं असेल ते सांगायला नको.

चार इंजिनं. नावं व्हिक्टोरिया, प्रिन्स कन्सॉर्ट, अल्बर्ट एडवर्ड आणि अलेक्झांड्रा. म्हणजे राणी, तिचा नवरा, मुलगा आणि सून. घरातल्यांची नावं मैला उपसणाऱ्या यंत्रांना दिली आणि कुणाला त्यात अपमान वाटला नाही! आपल्याकडे कुणा मोठ्या माणसाचं नाव मैलाशुद्धीकरण केंद्राला देऊन बघा.

प्रिन्स कन्सॉर्ट स्वयंसेवकांनी दुरुस्त करून पुन्हा चालू केलंय. वाफेवर चालवतात त्या दिवशी मी पोराला घेऊन गेलो होतो. ४७ टनांची तुळई डोक्यावर संथ वर-खाली होते, बावन्न टनांचं चाक फिरतं आणि आवाज जवळजवळ नाहीच. मोठं जनावर झोपेत श्वास घेतंय असं वाटतं. बिडाच्या खांबांवर पानाफुलांची नक्षी, लाल-हिरवा रंग. पोरगा म्हणाला, "बाबा, हे देऊळ आहे का?"

---

शेंगदाणा · शनिवार, रात्री १०:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). पाचशे माणसांना तिथे भूक कशी लागली हाच मला पडलेला प्रश्न.

---

निवृत्त_उपअभियंता · रविवार, सकाळी ६:२०

क्लाइडकाठ, मैलाला दहा इंच उतार हे वाचून सकाळी सकाळी उठून बसलो. आमच्या वेळी डंपी लेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) आणि मोजपट्टी घेऊन कालव्याची आखणी करताना किलोमीटरभरात दोन इंच इकडेतिकडे झाले तरी साहेबाच्या शिव्या खायच्या. सव्वीस मैल, त्यात बोगदे, आणि दोन्हीकडून खणत आलेले बोगदे मध्ये जुळले पाहिजेत. बेटमन साहेबांना दंडवत.

आता सोहळ्याबद्दल. ३४ वर्षं सरकारी नोकरी केली, तेवढ्यात उद्घाटनं किती झाली ते मोजलं नाही. एका गावच्या नळपाणी योजनेचं तर तीन वेळा झालं. टाकीचं वेगळं, जलवाहिनीचं वेगळं, आणि निवडणूक आली तेव्हा दोन्हीचं मिळून पुन्हा. तिन्ही वेळा मांडवाच्या मागे उभं राहून व्हॉल्व्ह उघडायची खूण मीच करत होतो, कारण फीत कापायच्या क्षणी तोटीतून हवा नाही, पाणीच यायला हवं. त्याच गावात चाचणीच्या दिवशी मात्र कुणीच नव्हतं. मी, फिटर आणि एक म्हातारी. पाणी आलं तशी ती घरात गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि तोटीला हळदकुंकू वाहिलं. मग फिटरला. मग मला. तुम्ही विचारताय ना खरा आनंद की थाट? मला दोन्ही ठाऊक आहे, पण एकाच दिवशी क्वचित पाहिलंय.

---

नांगरट · रविवार, सकाळी ११:३०

इतकं हळवं व्हायचं कारण नाही. हे सोहळे मुळात मालक लोकांचे. खांदणाऱ्यांना काय मिळालं? राणी कळ फिरवते, नगराध्यक्षाला पदवी मिळते, बोगद्यात मेलेल्याचं नाव कुठे? भूमिपूजनाला चांदीचं फावडं आणि महॉगनीची ढकलगाडी वापरायचे हे लोक. एक ढेकूळ उचलून गाडीत टाकलं, टाळ्या, की ते फावडं मखमलीच्या पेटीत. संग्रहालयांत आजही लखलखीत दिसतात, कारण दुसऱ्या ढेकळाला ती लागलीच नाहीत. मजुराचं फावडं कुठल्या काचेच्या कपाटात आहे ते दाखवा.

---

टेम्सकाठ · रविवार, दुपारी १:१५

नांगरट, मुद्दा मान्य, पण सरसकट नाही. टेम्सखालच्या बोगद्याचं उदाहरण घ्या. ब्रुनेल पितापुत्रांचं काम. मे १८२७ मध्ये नदी आत घुसली, सगळं भरलं. उपसून काढल्यावर लोकांचा विश्वास परत यावा म्हणून १० नोव्हेंबरला बोगद्यातच मेजवानी ठेवली. लाल पडदे, गॅसची झुंबरं, कोल्डस्ट्रीम गार्ड्सचा बँड. एका कमानीत पन्नासेक बडे पाहुणे आणि शेजारच्याच कमानीत शंभरावर मजूर आणि गवंडी, त्याच वेळी, त्याच बँडच्या सुरांवर जेवत होते.

---

नांगरट · रविवार, दुपारी १:३२

शेजारच्या कमानीत. वेगळी पंगत. बरोबर ना?

आणि दोन महिन्यांनी, जानेवारी १८२८ मध्ये, नदी पुन्हा आत आली तेव्हा सहा जण बुडाले. ते कुठल्या कमानीतले होते ते सांगायला नको.

---

काना_मात्रा · रविवार, दुपारी २:०४

क्षमस्व, पण १८२७ हे व्हिक्टोरियाच्या काळात बसत नाही. ती गादीवर आली १८३७ ला. बोगदा लोकांसाठी खुला झाला २५ मार्च १८४३ ला, ते चालेल. तेव्हा एक पेनी देऊन लोक नुसते खाली उतरून पलीकडे जाऊन यायचे. पहिल्या काही महिन्यांतच दहा लाख माणसं फिरून गेली. गाड्यांसाठीचा उतार बांधायला पैसेच उरले नव्हते, त्यामुळे वाहतुकीला उपयोग शून्य, पण जत्रा जोरात. आत खेळणी, चित्रं, आठवणीच्या वस्तू विकायला दुकानं. कागदाची घडीची पेटी मिळायची, ताणली आणि भोकातून पाहिलं की आत लांबलचक बोगदा दिसायचा.

---

घाटमाथा · रविवार, सायंकाळी ६:४८

सोहळा म्हणजे नेहमी बँड आणि भाषणच असं नाही. सॉल्टॅशचा पूल घ्या, कॉर्नवॉलच्या वेशीवर, टेमार नदीवरचा. १ सप्टेंबर १८५७ ला पहिला गाळा (दोन खांबांमधला भाग), हजार टनांवर वजनाचा, तराफ्यांवर चढवून नदीतून खांबांपर्यंत न्यायचा होता. आसपासच्या गावांनी सुट्टी घेतली. दोन्ही तीर, होड्या, टेकड्या, सगळीकडे माणूसच माणूस. घंटा वाजतायत, पताका लागल्यात. आणि अभियंता ब्रुनेलची, म्हणजे वरच्या पितापुत्रांपैकी मुलाची, अट एकच, की काम चालू असताना चिडीचूप. तो गाळ्याच्या मधोमध उंच चौथऱ्यावर उभा. हुकूम तोंडी नाहीत, फलकांवरचे आकडे आणि झेंड्यांच्या खुणा. कुठे दोर ओढायचा, कुठे सैल सोडायचा, सगळं खुणेवर. भरतीच्या पाण्यावर ते अजस्र धूड सरकत गेलं आणि हजारो माणसं तोंडातून शब्द न काढता बघत राहिली. जागेवर बसलं तेव्हा नौसैनिकांच्या बँडने सुरुवात केली आणि मग काय तो गोंगाट.

मला या गर्दीचं कौतुक वाटतं. काम चाललंय, आपण बोललो तर बिघडेल, हे त्या माणसांना कळत होतं.

पूर्ण झाल्यावर प्रिन्स अल्बर्टच्या हस्ते उद्घाटन झालं, २ मे १८५९. तेव्हा ब्रुनेल आजारी होता, येऊ शकला नाही. नंतर एकदा रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर सोफा ठेवून, त्यावर पडून त्याने आपला पूल पाहिला. सप्टेंबरात गेला.

---

मावळतीचं_ऊन · रविवार, रात्री ८:१०

घाटमाथा, अंगावर काटा आला.

ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलाचंही तसंच. पायाचा दगड १८३६ ला, पूल खुला झाला ८ डिसेंबर १८६४ ला. अठ्ठावीस वर्षं! मध्ये पैसे संपले, नुसते दोन मनोरे दरीच्या दोन बाजूंना उभे. ब्रुनेल गेल्यावर इतर अभियंत्यांनी त्याची आठवण म्हणून पुरा केला, आणि साखळ्या कुठल्या, तर लंडनमधल्या त्याच्याच एका पाडलेल्या पुलाच्या. उद्घाटनाला वेगवेगळ्या धंद्यांच्या लोकांची लांबलचक मिरवणूक निघाली. रात्री पुलावर मॅग्नेशियमचे दिवे लावायचा घाट घातला होता, वाऱ्याने विझवले. ग्लासगोला पाऊस, ब्रिस्टलला वारा. विलायतेत मांडव घालणाऱ्याची कीव येते.

---

नांगरट · रविवार, रात्री ९:०२

आणि टे पूल? डंडीचा? त्याबद्दल कुणी बोलत नाहीये. जून १८७८ मध्ये गाड्या सुरू झाल्या, जवळजवळ दोन मैल लांब, तेव्हा जगातला सगळ्यांत लांब. डंडीने अभियंता टॉमस बाउचचा नागरी सत्कार केला. जून १८७९ मध्ये राणी त्यावरून गेली, बाउचला 'सर' ही पदवी दिली. २८ डिसेंबर १८७९, रविवारची रात्र, वादळ. मधले उंच गाळे आगगाडीसकट नदीत. एकही वाचला नाही. चौकशीत ठपका ठेवला: आराखडा वाईट, बांधकाम वाईट, देखभाल वाईट. बिडाचं ओतकाम निकृष्ट होतं, वाऱ्याच्या दाबाचा हिशेबच धरला नव्हता. बाउच वर्षभरात खचून मेला. हारतुरे घालणाऱ्यांपैकी किती जणांनी एक बोल्ट हलवून पाहिला होता?

---

निवृत्त_उपअभियंता · सोमवार, सकाळी ६:०५

नांगरट, सोहळ्याची तारीख आधी ठरते आणि काम मागून त्या तारखेला पकडायला धावतं, हे दुखणं मी भोगलंय. टे पुलाबाबत तसं झालं असं म्हणत नाही, तिथे मूळ हिशेबच चुकला होता. पण ताजं काँक्रीट आणि जवळ आलेला मुहूर्त यांच्यामध्ये उभं राहायला जिगर लागते. दोनदा राहिलो. एकदा बदली झाली.

त्या पडलेल्या गाडीचं इंजिन नदीतून काढून, दुरुस्त करून पुन्हा वापरलं. रेल्वेवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं 'पाणबुड्या'. कामगारांचा विनोद हा असा असतो.

---

लोखंडी_रस्ता · सोमवार, दुपारी १२:२२

आपल्याकडचं कुणीच कसं लिहिलं नाही? १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. मुंबईत त्या दिवशी सुट्टी. चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं, एकवीस तोफा. गव्हर्नरचा बँड होता पण गव्हर्नर फॉकलंड स्वतः आदल्या दिवशीच शहर सोडून थंड हवेला गेले होते! वाटेत दोन्ही बाजूंना, गच्च्यांवर, झाडांवर लोक. ठाण्याला तंबूत खाणंपिणं. तिकीट काढून बसणाऱ्यांची पाळी नंतर आली. म्हणजे नांगरट म्हणतात तेच, आधी पाहुणे.

पण त्याच काळातलं दुसरं उदाहरण बघा. माहीमची खाडी. होड्या उलटून माणसं मरायची, सरकार पैसे देईना. लेडी जमशेटजींनी, म्हणजे आवाबाईंनी, १ लाख ५७ हजार रुपये दिले, अट एकच, की कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. ८ एप्रिल १८४५ ला खाडीवरचा रस्ता खुला झाला. दादरहून माहीमला जाताना त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आपण रोज हॉर्न वाजवतो.

---

शेंगदाणा · सोमवार, दुपारी १२:४०

टोल नाही ही अट ऐकून डोळे पाणावले. आमचा वाशी टोलनाका आठवला.

---

सालफोर्डची_सून · सोमवार, रात्री ११:१८

उशिरा आले. मी मँचेस्टर शिप कॅनॉलपासून दहा मिनिटांवर राहते, त्यामुळे थोडं लिहायलाच हवं.

लिव्हरपूल बंदर मालावर भरमसाट आकार लावतं म्हणून चिडून मँचेस्टरने समुद्रच घरी आणायचा ठरवला. ३६ मैल. डॅनियल अ‍ॅडमसन नावाच्या बॉयलर बनवणाऱ्या कारखानदाराने १८८२ मध्ये आपल्या घरी बैठक बोलावली, तिथून सुरुवात. संसदेत दोनदा आपटून १८८५ मध्ये कायदा झाला, तेव्हाचा आनंद कुणा सरकारी पाहुण्याने आणलेला नव्हता. गिरणीतल्या माणसांनीही शेअर घेतले होते. मध्ये पैसे संपले तेव्हा महापालिकेने पन्नास लाख पौंड कर्ज दिलं, म्हणजे करदात्यांनीच.

खणायला सोळा हजारांवर माणसं होती. नांगरट, तुमच्यासाठी: रॉबर्ट जोन्स या तरुण डॉक्टरने कालव्याच्या कडेने इस्पितळं आणि प्रथमोपचाराच्या जागा उभ्या केल्या आणि जखमी मजुरांना कामाच्या रेल्वेने तिथे पोचवायची सोय केली. तरी शंभरावर मेले. दोन्ही खरं आहे.

मला भावतो तो १ जानेवारी १८९४ चा दिवस. राणी नाही, कुणी नाही. संचालकांची बोट पुढे, मागे जहाजांची रांग, काठावर माणसं आणि कारखान्यांचे भोंगे. सहकारी सोसायटीचं 'पायोनियर' जहाज साखर घेऊन आलं, मँचेस्टरला माल उतरवणारं पहिलं. म्हणजे वाण्याच्या दुकानात जाणारी साखर! राणी आली मे महिन्यात. तिने तिथल्या तिथे सालफोर्ड आणि मँचेस्टर दोन्हींच्या महापौरांना सर केलं. अभियंता लीडर विल्यम्सची पाळी जुलैत आली. उपअभियंता काका, हे तुमच्यासाठी.

अ‍ॅडमसन १८९० मध्येच गेला होता. त्याने पाणी भरलेलं पाहिलं नाही.

---

निवृत्त_उपअभियंता · मंगळवार, सकाळी ५:५५

जुलैत का होईना, मिळाली.

---

क्लाइडकाठ · मंगळवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या कुवतीबाहेर गेला याचा आनंद आहे.

काही राहिलेलं. १८६६ च्या पटकीत ग्लासगोत पन्नासच्या आसपासच मृत्यू झाले. बारा वर्षांपूर्वी चार हजार. त्या पावसात भिजत उभ्या असलेल्यांना हा आकडा माहीत असणं शक्य नव्हतं, तरी उभे होते. प्राध्यापक पेनींचंही अगदीच चुकलं नव्हतं, विसाव्या शतकात इथल्या जुन्या घरांत शिशाचा प्रश्न खरंच निघाला.

नांगरट, मजुरांच्या नावांचा फलक तळ्याकाठी मला दिसला नाही. पुढच्या वेळी नीट शोधतो.

आणि आई. परत जाताना बॅगेत नळाच्या पाण्याच्या दोन बाटल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर साडी. मला वाटलं देवघरात ठेवणार. परवा फोन आला. शेजारच्या काकूंचा विश्वास बसेना म्हणून त्यांच्यासमोर कुकर लावला, दोन शिट्ट्या, डाळ मेणासारखी. काकू म्हणाल्या, डाळच नवी असेल. आता दुसरी बाटली त्यांच्याच डब्यातली डाळ घेऊन वापरायची आहे, रविवारी.